साधा की खास

तिने हात वर केला आणि ट्रेंचा सरकता पट्टा थांबला.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले सहाही जण जागच्या जागी थबकले. सूप वाढणाऱ्याचा डाव हवेतच राहिला. तिने समोरचा ट्रे ओढून घेतला, कार्ड वाचलं, ट्रे पाहिला, पुन्हा कार्ड वाचलं. चौथा मजला, खाट बावीस. मऊ आहार, मीठ कमी, दूध चालेल. ट्रेवर मऊ भात होता, कमी मिठाचं सूप होतं, वाटीभर कस्टर्ड होतं.

"काय चुकलं?" सूपवाल्याने विचारलं.

काहीच चुकलं नव्हतं. 'दूध चालेल' हे तिने 'दूध चालणार नाही' असं वाचलं होतं.

"काही नाही. चला," ती म्हणाली.

पट्टा पुन्हा सरकायला लागला. कस्टर्ड वाढणारीने सूपवाल्याकडे पाहिलं आणि सूपवाल्याने भुवया उंचावल्या. हॉस्पिटलच्या या किचनमध्ये ती अकरा वर्षं पट्ट्याच्या शेवटी उभी राहत होती. दर दुपारी साडेतीनशेच्या आसपास ट्रे तिच्या डोळ्यांखालून जात. तिच्यानंतर ट्रे थेट पेशंटच्या तोंडाशी, मध्ये कोणी नाही. चुकीचा ट्रे तिच्या हातून सुटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बरोबर ट्रे अडवल्याचंही आठवत नव्हतं, आणि आज तेवढं झालं.

तिला स्वतःचाच राग आला. डोकं ठिकाणावर नव्हतं, कारण डोकं सकाळपासून लॉकरमधल्या फोनपाशी होतं. दुपारी दोनच्या आत तिला एका थीम पार्कला कळवायचं होतं की जेवणाचा प्लॅन साधाच ठेवायचा की वाढवून खास करायचा.

असं कोणाला सांगितलं असतं तर ते हसले असते. लोकांच्या डोक्याला काय काय ताप असतात, आणि हिला सहलीतल्या जेवणाचा. म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांनी ते जाणार होते. ती, नवरा आणि तेरा वर्षांची बिट्टी एका खोलीत, शेजारच्या खोलीत तिची धाकटी बहीण, मेव्हणा आणि त्यांच्या जुळ्या मुली. बहिणीने आपल्या खोलीपुरता साधा प्लॅन पक्का करून टाकला होता. साध्या प्लॅनमध्ये पार्कभर पसरलेल्या काउंटरांवर जायचं, रांगेत उभं राहायचं, ट्रे घ्यायचा आणि जागा मिळेल तिथे बसून खायचं. खास प्लॅनमध्ये रोज एक जेवण टेबलावर. आचारी स्वतः बाहेर येतो, काय चालतं काय नाही ते विचारतो, वेगळ्या भांड्यात वेगळं करून देतो. अट एकच होती. एका खोलीतल्या सगळ्यांचा प्लॅन एकच हवा. बिट्टीला साधा आणि आईबापांना खास, असं चालत नव्हतं.

बिट्टीला तीळ चालत नव्हते. 'चालत नव्हते' हा फारच सौम्य शब्द झाला. नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीत कोणीतरी दिलेलं एक बिस्कीट तिने खाल्लं होतं. शाळेतून फोन आल्यावर आई पोहोचली तेव्हा मुलीचे ओठ निळे पडले होते आणि ती श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. ते चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून घरात तीळ नव्हते, तिळाचं तेल नव्हतं, बाहेरचा पाव नव्हता, आणि आईला शांत झोप नव्हती. ती डोळ्यांत तेल घालून मुलीला जपत होती, आणि चार वर्षांत दुसऱ्यांदा तसं काही झालं नाही याचं श्रेय ती मनातल्या मनात स्वतःला देत होती. उघड कधी म्हणाली नाही, पण देत होती.

आणि पार्कातल्या काउंटरांवर काय मिळत होतं, तर बर्गर. प्रत्येक बर्गरच्या डोक्यावर तीळ. फोटोत ते इतके जवळून दाखवले होते की तिने तो फोटो बोटाने खाली सरकवला होता.

काल संध्याकाळी जेवताना यावरूनच वाजलं होतं.

"तू खास घेणार असशील तर मी येत नाही," बिट्टी म्हणाली होती.

"का बाई? टेबलावर आयतं मिळतंय."

"जुळ्या काउंटरवर खाणार. मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून दीड तास खाणार. मग तो आचारी येणार. टोपी घालून. सगळं हॉटेल वळून बघणार. मग तू कार्ड काढणार."

कार्ड म्हणजे तळहाताएवढा, प्लॅस्टिक चढवलेला कागद. लाल चौकट, आत चार भाषांत 'तीळ' आणि खाली एक सूचना. ते तिने स्वतः करून घेतलं होतं.

"आणि मग तू त्याला विचारणार, हात धुतलेत का."

"मग विचारू नको?"

"आई, तो आचारी असतो."

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने पाण्याच्या घोटात बुडवलं. तो मोटार चालवायला शिकवायचा. आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसल्यामुळे त्याच्या स्वभावात एक चिवट शांतपणा आला होता, आणि नेमका तोच तिला कधीकधी सहन होत नसे.

"हे बघ," तो म्हणाला, "एकदा कधीतरी स्टिअरिंग द्यावंच लागतं. मी रोज देतो. बावीस वर्षं झाली."

"तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तिच्या गाडीत कुठाय?"

त्याने बिट्टीकडे पाहिलं, बिट्टीने ताटाकडे पाहिलं. बापलेकींनी आधीच काहीतरी ठरवलंय आणि आपण एकट्या पडलोय, एवढं तिला कळलं. ते तिला लागलं.

"उद्या दोनपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली. "मी खास करणार आहे. रुसायचं असेल तर रुसा."

बिट्टी ताट तसंच टाकून उठली. सकाळी आई ड्यूटीला निघाली तेव्हा तिच्या खोलीचं दार बंद होतं.

शेवटचा ट्रे सव्वा वाजता गेला. तिने केसांवरची जाळी काढली, हात धुतले, लॉकर उघडून फोन घेतला आणि किचनच्या मागच्या दाराने बाहेर आली. तिथे भाज्यांचे रिकामे क्रेट रचून ठेवलेले असत आणि दुपारी तिथे कोणी फिरकत नसे. जेवणाचा डबा तिने क्रेटवर ठेवला, उघडला नाही. पावणेदोनला तिला परत आत जायचं होतं.

पार्कच्या नंबरावर आधी बराच वेळ संगीत वाजलं. मग एका मुलाने बुकिंग नंबर विचारला, तो टाइप केला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या बुकिंगवर ऍलर्जीची खूण आहे. प्लॅन बदलायचा असेल तर आमच्या किचनच्या डेस्ककडून होतं. जोडून देतो."

तिला आश्चर्य वाटलं नाही. बुकिंग करताना नवऱ्याने ते भरलं असणार, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिला बरंच वाटलं. ही माणसं कामाची दिसतात.

किचनच्या डेस्कवर एक बाई होती. आवाजावरून पन्नाशीची, घाई नसलेली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून तिचे खांदे जरा सैल झाले. अशा आवाजात तिला लोकांशी बोलता यायचं.

"मला खास प्लॅन करायचाय," ती म्हणाली. "आणि माझ्या मुलीबद्दल नोंद द्यायचीय."

"नोंद आहे ना आमच्याकडे. मंगळवारी बोललो आपण."

"मंगळवारी?"

"बराच वेळ बोललो. मीच होते. आवाज ओळखला मी तुमचा."

मंगळवारी तिने पार्कला फोन केलाच नव्हता. बोलणारी ती नव्हती. मग कोण, हा प्रश्न तिच्या मनात यायच्या आतच उत्तर आलं होतं. घरी फोन करणारा प्रत्येक जण बिट्टीच्या 'हॅलो'ला फसायचा. बहीणसुद्धा फसायची. एकदा तर नवरा फसला होता आणि येताना काय आणू, म्हणून लेकीलाच विचारत बसला होता.

ती 'मी नव्हते' म्हणणार होती. तेवढ्यात बाई पुढे बोलायला लागली.

"प्लॅन बदलण्याआधी आमचा नियम असतो, नोंद पूर्ण वाचून दाखवावी लागते. प्रत्येक ओळीला तुम्ही हो म्हणा. कुठे चूक असेल तर थांबवा. चालेल?"

हा नियम तिच्या चांगल्या ओळखीचा होता. किचनमध्ये नव्याने आलेल्यांना ती स्वतः तोच शिकवत होती. कार्ड मनात वाचायचं नाही, मोठ्याने वाचायचं. डोळे थकतात, कान कमी थकतात.

"वाचा," ती म्हणाली.

"तीळ, तिळाचं तेल, तिळाची पेस्ट. तिन्ही पूर्ण बंद. बाकी काही नाही."

"हो."

"तीव्रता सगळ्यात वरची. आधी ओठ, मग घसा."

"हो." आधी ओठ, मग घसा हे तिने कधी एवढं नेमकं सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती पोहोचली तेव्हा ओठ आणि घसा दोन्ही झालं होतं. आधी काय, ते तिला माहीत नव्हतं.

"रिअ‍ॅक्शन आली तर घ्यायच्या इंजेक्शनची पेनं दोन, कायम मुलीच्या कमरेच्या बॅगेत. आईच्या पर्समध्ये नाहीत."

तिने पर्सला नकळत हात लावला. पर्समध्ये तिसरं होतं. ते बिट्टीला माहीत नव्हतं.

"हो."

"बरोबर दोन मावसबहिणी. दोघींना पेन कसं वापरायचं ते शिकवलंय, सरावाच्या पेनवर प्रत्येकी पाच वेळा. एकीला जमतं. दुसरी डोळे मिटते, तिच्यावर भरवसा नाही."

हे खास बिट्टीचं वाक्य होतं.

"हो."

"पार्कात अकरा काउंटर. त्यांतल्या सात ठिकाणी तिळाचा पाव आहे, तिथे जाणार नाही. एका ठिकाणी पाव नाही, पण तिळाच्या पदार्थांना आणि बाकीच्यांना तळणीचं तेल एकच, तिथेही नाही. उरलेली तीन तुम्ही लिहून घेतलीत. त्या तिन्ही ठिकाणी पोहोचल्यावर आधी शिफ्टच्या मुख्य माणसाला भेटायचं, ट्रे त्याच्याच हातून घ्यायचा. आम्ही तिन्ही काउंटरांना कळवलंय."

तिच्याकडे एक प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही.

"तिथले चिमटे? एकाच चिमट्याने पाव आणि बाकीचं उचलत असतील तर?"

"तेही विचारलंत तुम्ही मंगळवारी. वेगळे आहेत. हिरव्या मुठीचे."

"हो," ती म्हणाली. एवढं सगळं तिने केलं नव्हतं. तिने फोटो पाहिला होता, घाबरली होती आणि खास प्लॅन ठरवून टाकला होता. तेरा वर्षांच्या पोरीने अकरा काउंटर चाळले होते. तिला अभिमान वाटला, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतका, मत्सरही वाटला.

"शेवटची रिअ‍ॅक्शन," बाई वाचत होती. "सात आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी."

तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बेकरीतला पाव. विकणाऱ्याने तीळ नाहीत असं सांगितलं होतं, वर नव्हतेच, पिठात होते. चौथ्या मिनिटाला इंजेक्शन घेतलं. दवाखान्यात सहा तास ठेवलं. घरी आल्यावर ठीक." बाई थांबली. "हॅलो? ऐकताय ना?"

"हो," ती म्हणाली. हा हो कुठल्या प्रश्नाला होता, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सात आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तिची दुहेरी ड्यूटी होती. हॉस्पिटलचं रात्रीचं जेवण उरकून ती घरी आली तेव्हा बापलेक सोफ्यावर एकमेकांना टेकून बसले होते. कुठे गेला होतात, म्हणून तिने विचारलं होतं. सिनेमाला, असं नवरा म्हणाला होता. कसा होता, तर लांबलचक होता. बिट्टीचा चेहरा सुजल्यासारखा वाटला म्हणून तिने हनुवटी धरून पाहिला, तर सिनेमात रडले, असं बिट्टी म्हणाली होती. आणि आपण काय केलं? आपण तिला चिडवलं होतं.

ती क्रेटवर बसली. सहा तास. घरापासून चालत वीस मिनिटांवर ती उभी होती, दुसऱ्यांच्या पोरांचे ट्रे तपासत.

"आणखी एक ओळ आहे," बाई म्हणाली. "ही तुम्ही अगदी शेवटी सांगितलीत, मी तुमच्याच शब्दांत लिहून ठेवली. घरून दुसऱ्या कोणाचा फोन आला तर ते शेवटची रिअ‍ॅक्शन चार वर्षांपूर्वीची सांगतील. त्यांना खरंच तसं वाटतं. त्यांचं धरू नका, हीच तारीख धरा." बाईचा आवाज जरा मऊ झाला. "सासूबाई असतील असं धरलं मी. असतात घरात अशी माणसं. काळजी करत बसतात, म्हणून आपणच सांगत नाही त्यांना."

तिने फोन कानापासून थोडा दूर धरला.

बिट्टी नऊ वर्षांची असल्यापासून ती तिला एक गोष्ट सांगत आली होती. आईशी खोटं बोललीस तर ओरडा खाशील. किचनशी खोटं बोललीस तर जीव जाईल. हॉटेलात, वाढदिवसाला, शेजाऱ्यांकडे, दर वेळी दारात थांबवून हेच. पोरीने ते शब्दशः ऐकलं होतं. ओरडा चुकवला होता आणि जीव सांभाळला होता. ज्या बाईचं तोंडही पाहिलं नाही तिला खरं सांगितलं होतं, आणि आईपुढे तोंडाला कुलूप.

तिला रडू येत होतं आणि चीडही येत होती. नवऱ्याची जास्त. बावीस वर्षं शिकाऊ लोकांना वळणं दाखवणाऱ्या माणसाला एक सरळ वाक्य बोलता आलं नाही. पण चिडीच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती फारच सरळ होती. या बाईने आज नोंद तिच्याकडून घेतली असती तर तिने न अडखळता सांगितलं असतं, चार वर्षांपूर्वी. वर जरा ऐटीतच सांगितलं असतं. चुकीचं कार्ड तिनेच दिलं असतं.

"मॅडम, दीड वाजायला आलाय," बाई म्हणाली. "नोंद बरोबर असेल तर तसं म्हणा, म्हणजे मी पुढचं करते. मंगळवारी बोललात त्या तुम्हीच, एवढंच एकदा स्पष्ट सांगा. रेकॉर्ड होतंय."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. एकच शब्द. क्रेटच्या फळीवरचा सुकलेला कोथिंबिरीचा देठ ती नखाने खरवडत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मंगळवारी मी नव्हते. माझी मुलगी होती."

"कुठली मुलगी?"

"हीच. जिची नोंद आहे ती."

पलीकडे भांडी वाजत राहिली.

"इथे वय तेरा लिहिलंय, बरोबर ना?"

"तेराच आहे."

"अहो, मग ही नोंद मला रद्द करावी लागेल," बाई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, अवघडलेला होता. "सज्ञान माणसानेच द्यावी लागते. मला वाटलं… मी इतकी वर्षं हे काम करतेय. मला एकदाही शंका आली नाही."

"येणार नाही. करा रद्द. मी पुन्हा देते."

"पहिल्यापासून विचारावं लागेल."

"विचारा."

बाईने पहिल्यापासून विचारलं. तिने तीळ, तेल, पेस्ट सांगितलं. आधी ओठ, मग घसा सांगितलं. पेनं दोन, कमरेच्या बॅगेत, असं सांगून ती थांबली आणि म्हणाली, "तीन. तिसरं माझ्या पर्समध्ये आहे." एकदा ऐकलेलं कार्ड ती विसरत नसे, अकरा वर्षांत तेवढा तयार झाला होता कान. सात काउंटर, तळणीचं तेल, हिरव्या मुठीचे चिमटे, डोळे मिटणारी मावसबहीण, सगळा पाढा तिने क्रमाने म्हणून दाखवला.

"शेवटची रिअ‍ॅक्शन?"

"सात आठवड्यांपूर्वी." ती खाकरली. "रविवारी दुपारी. बेकरीतला पाव. पिठात तीळ होते. चौथ्या मिनिटाला इंजेक्शन, सहा तास दवाखाना."

"तुम्ही बरोबर होतात?"

हा प्रश्न बाईने मघाशी वाचलेला नव्हता. फॉर्मवर होता की बाईने आपल्या मनाने विचारला, ते कळायला मार्ग नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "वडील होते."

बाईने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "झालं. आता प्लॅन. खास करायचा म्हणाला होतात. दोनच्या आत मला बटण दाबावं लागेल."

टेबल, पांढरी टोपी, वेगळं भांडं. ते सगळं अजूनही तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि अजूनही तिला ते हवं होतं. भीती गेलेली नव्हती. उलट आता तिला जास्त माहीत होतं, म्हणजे भ्यायला जास्त कारण होतं. तिने डोळे मिटले.

"साधाच राहू दे," ती म्हणाली.

"नक्की?"

"बटण दाबायच्या आधी दोनदा विचारू नका. विचारलंत तर मी बदलेन."

बाई हसली नाही. "बरं," म्हणाली. "साधा."

तिने फोन ठेवला. आतून कोणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही. एक पस्तीस झाले होते. नवऱ्याला फोन लावावा असं तिच्या मनात आलं. त्याला काय काय ऐकवायचं ते शब्द तोंडात तयारच होते. पण या वेळी त्याच्या शेजारी कोणीतरी शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडून बसलेला असणार. तिने घरचा नंबर लावला.

बिट्टीने बराच वेळ उचलला नाही. उचलला तेव्हा नुसतंच "काय?" म्हणाली.

"जेवलीस?"

"नाही."

"का?"

"भूक नाही." मग जरा वेळाने, "केलास ना खास?"

आईला बरंच काही विचारायचं होतं आणि जे विचारायला हवं होतं ते सगळं मागे राहून भलतंच तोंडातून आलं.

"इंजेक्शन दुखलं होतं का गं?"

कुठलं इंजेक्शन, असं बिट्टीने विचारलं नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बाबाला ओरडू नकोस," बिट्टी म्हणाली.

"मी तुला विचारतेय."

"तो देणार होता. पण त्याचा हात इतका थरथरत होता की त्याला टोपणच काढता येईना. म्हणून मीच घेतलं. जीन्सवरूनच. मग तो सारखा म्हणत होता, आईला फोन करू, आईला फोन करू. मीच नको म्हटलं. तू असतीस तर मला जमलं नसतं."

"का?"

"तुझ्याकडे बघून मला भीती वाटते," बिट्टी म्हणाली.

आईने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"दुखलं का, ते सांग."

"हो," बिट्टी म्हणाली. "खूप दुखलं, आई."

"बरं," ती म्हणाली. आत जायला सात-आठ मिनिटं होती. तिने डबा बाजूला सरकवला आणि भिंतीला नीट टेकून बसली. "आता मला सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

"कुठून सांगू?"

"पाव हातात घेतलास तिथून."